सल्ला हवा: अस्सल लावणी कुठे ऐकायची?

तांबडी_माती: मंडळी, आतापर्यंत फक्त सिनेमातल्या लावण्या ऐकल्यात. मित्र म्हणतो सुलोचना चव्हाणांची लावणी लोकसंगीत नव्हेच, ती स्टुडिओतली. यूट्यूबवर शोधलं तर निम्मा डीजेच येतो. सुरुवात कुठून करू?

हलगी७: मित्राचं बरोबरै. गीतकार लिहिणार, संगीतकार चाल लावणार, ते कसलं लोकसंगीत? जुन्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर ऐका, विषय संपला.

बैठकवेडी: यमुनाबाई ऐकाच, सत्यभामाबाई पंढरपूरकरही ऐका, पण वरचं कारण मला अजिबात पटलेलं नाही. अहो राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव ही सगळी नावानिशी कवनं रचणारी माणसं, शेवटी आपली नाममुद्रा घालायची, आणि तमाशाचे फड तर पोटासाठीच उभे राहिले. पेटीसुद्धा युरोपातून आलेली, ती संगीत बारीत, म्हणजे थिएटरात बायका साजिंद्यांसह लावणी करतात तिथे, चालते ना? मग गीतकार आहे म्हणून लावणी बाद कशी होईल? मी बघते ती अदा. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते आणि एकच ओळ घोळवत राहते. समजा ओळ आहे ‘आता जाऊ नका’, तर एकदा ती रुसून येते, एकदा आर्जवाने, एकदा नुसती भुवई उचलून, की जा बघू कसे जाता ते! तबलजी तिच्या डोळ्याकडे बघून ठेका धरतो. तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये एवढं मावतच नाही, तिथे माझीही तक्रार आहे.
तुम्ही सरळ पुणे जिल्ह्यातल्या चौफुल्याला संगीत बारीला जा, पुढे बसा आणि जुन्या बैठकीच्या लावणीची फर्माईश करा. फर्माइशीचे पैसे द्यावे लागतात, ते हात आखडता न घेता द्या, बायकांचं आणि साजिंद्यांचं घर त्यावर चालतं.

हलगी७: अदेचं मान्य. पण डीजेवरचं ते लावणी म्हणून खपवतात त्याला तरी नाही म्हणा!

बैठकवेडी: त्याला नाहीच म्हणते, ढोलकीला उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. पण सुलोचनाबाईंना त्या रांगेत बसवू नका. त्या नाचल्या नाहीत, नुसत्या आवाजातून अदा उभी केली.

तांबडी_माती: आभार! आईला घेऊन गेलं तर चालेल का?

बैठकवेडी: थिएटरला आधी फोन करून विचारा, बायकांची बसायची सोय सगळीकडे सारखी नसते.