मदत हवी आहे: थंडीत मोटरसायकल पाच महिने उभी ठेवायची आहे (श्टुटगार्ट, केटीएम ३९० ड्यूक)

नेकारकाठी

नमस्कार मंडळी,

जर्मनीत आल्यावर घेतलेली ही पहिलीच मोटरसायकल, आणि तिचा माझ्याकडचा हा पहिलाच हिवाळा. केटीएम ३९० ड्यूक, २०१९ची, सेकंडहँड. तयार झाली आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात, आणि आता उभी असते श्टुटगार्टच्या एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. मी पिंपरीचा, त्यामुळे या गाडीवर जरा जास्तच जीव आहे. म्हणून सविस्तर विचारतोय.

नंबरप्लेट हंगामी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे वर्षातल्या दोन ते अकरा महिन्यांपुरती प्लेट घेता येते आणि ते महिने प्लेटच्या उजव्या कडेला छापलेले असतात. माझ्या प्लेटवर वर ०४, खाली १०. म्हणजे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. कर तेवढ्याच महिन्यांचा, पण १ नोव्हेंबरपासून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर नाहीच, तिथे उभीसुद्धा करायची नाही. तेव्हा ‘अधूनमधून एक चक्कर मारून आण’ हा पर्याय मला नाही.

आता खरा पेच. बाबांचं सगळं आयुष्य दुचाकीवर गेलंय. ते म्हणतात, दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं सुरू करून ठेव, बंद गाडी खराब होते. ऑफिसातला जर्मन सहकारी म्हणतो, एकदा नीट तयारी कर आणि मार्चपर्यंत स्टार्टरला बोट लावू नकोस. दोघंही अनुभवी. कोणाचं ऐकू?

पार्किंगमध्ये बर्फ पडत नाही, पण जागा कोरडीही नाही. गेल्या जानेवारीत शेजाऱ्यांच्या चाकांना चिकटून आलेला बर्फ तिथेच वितळायचा आणि पाणी वाळलं की जमिनीवर मिठाचे पांढरे ओघळ उरायचे. रस्त्यावर टाकतात ते मीठ. माझी जागा नेमकी उताराच्या पायथ्याशी, दार उघडलं की गार वारा सरळ आत. जवळपास प्लग पॉइंट नाही. आधीच्या मालकाने कूलंट कोणतं भरलंय याचा पत्ता नाही. टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर नेटवर दोन्ही मतं सापडतात. गाडीला मेन स्टँड नाही, फक्त साइड स्टँड.

मंडळी, जरा मार्ग दाखवा.

ओटावाकर

इकडे नोव्हेंबर ते एप्रिल गाड्या बंदच असतात. तुमच्या सहकाऱ्याचं ऐका. बाबा सांगतात ते पिंपरीत बरोबर आहे, कारण तिथे गाडी सुरू केली की माणूस ती घेऊन बाहेर पडतो आणि इंजिन पुरेसं तापतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. वाफ असते म्हणून आपल्याला दिसत नाही, इतकंच. इंजिन नीट तापलं तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत जागेवर दहा मिनिटं चालवलं तर तीच वाफ गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते, थोडी क्रँककेसमध्ये उतरून ऑइलमध्ये मिसळते. म्हणजे दर रविवारी तुम्ही इंजिनात आणखी थोडं पाणी सोडणार. शिवाय स्टार्टर जेवढा करंट खेचतो तेवढा परत भरायलाही दहा मिनिटांचं आयडलिंग बऱ्याचदा पुरत नाही. बॅटरी आठवड्याआठवड्याने उतरत जाते.

आणि ऑइल आत्ताच बदला, वसंतात नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, पाणी, काजळी सगळं असतं आणि ते पाच महिने बेअरिंगांना लागून राहणार. शेवटची फेरी मारून या, इंजिन गरम असतानाच ऑइल काढा, फिल्टरही बदला.

कोथरूड_गॅरेज

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पेट्रोलचं मी सांगतो.

२०१९च्या ड्यूकची टाकी पत्र्याची आहे, म्हणून भरूनच ठेवायची. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत दमटपणा असतो, गारठ्यात तो पत्र्याला आतून दवासारखा धरतो आणि गंज सुरू होतो. अगदी काठोकाठ भरू नका, फुगायला थोडी जागा ठेवा. तुमच्याकडे पंपावर ई५ आणि ई१० दोन्ही मिळतात (आकडा म्हणजे पेट्रोलमधल्या इथेनॉलची कमाल टक्केवारी), शेवटची टाकी ई५ने भरा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाऊन बसतात, नेमके पंप जिथून खेचतो तिथे.

फ्युएल स्टॅबिलायझरची, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ न देणाऱ्या औषधाची, बाटली मिळते, ती आधी ओता, मग पेट्रोल भरा म्हणजे नीट मिसळेल. त्यानंतर गाडी चांगली दहा-पंधरा मिनिटं चालवा. यातलं महत्त्वाचं काम हेच आहे. औषध नुसतं टाकीत राहून उपयोग नाही, ते इंजेक्टरपर्यंत पोचायला हवं. म्हणजे क्रम असा लावा: औषध, पेट्रोल, फेरी, आणि घरी येऊन गरम इंजिनातून ऑइल.

सातारा_ते_स्पिती

थोडं वेगळं मत. माझी जुनी बुलेट मी कायम टाकी रिकामी करूनच ठेवत आलोय. आतून कधी गंज दिसला नाही.

कोथरूड_गॅरेज

@सातारा_ते_स्पिती, दादा, तुमच्या बुलेटला कार्बोरेटर आहे. त्यात उरलेलं पेट्रोल उडून चिकट राळ होते आणि जेट बुजतात, म्हणून कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करणं योग्यच. पण टाकी पूर्ण रिकामी ठेवायची तर ती आतून कोरडी करून ऑइलचा हात फिरवावा लागतो. साताऱ्याच्या कोरड्या हिवाळ्यात निभावतं. यांच्या ओल्या तळघरात ती जोखीम मी घेणार नाही.

मंजिरी_म्युन्शेन

मी इथे बरीच वर्षं चालवतेय, तेव्हा स्थानिक गोष्टी सांगते.

बॅटरी काढून घरात न्या. सीटखाली आहे, काम सोपं. काढताना आधी काळी वायर, मग लाल, लावताना उलट. अंदाजावर राहू नका, मल्टिमीटर लावा. चार्जरवरून काढून काही तास झाल्यावर १२.७ च्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करा. गाडीतच ठेवली तर घड्याळ आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडा थोडा करंट पीत राहतात. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली शून्याच्या थोडं खालीच गोठू शकते आणि मग फेकूनच द्यावी लागते. चार्जर आपोआप बंद होणारा, देखभालीच्या मोडचा घ्या, साधा कारचा नको.

धुण्यात कंजूषी नको. एकदा जरी मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आला असाल तर भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग चेन साफ करून वंगण लावा. उघड्या नट-बोल्टांवर आणि फोर्कच्या नळ्यांवर मेणाचा किंवा ऑइलचा पातळ हात फिरवा. ब्रेक डिस्कवर मात्र थेंबही जाता कामा नये. कव्हर श्वास घेणाऱ्या कापडाचं हवं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घाम साचतो आणि तुमच्या त्या पार्किंगमध्ये ते सगळ्यात वाईट.

टायरखाली प्लायवूड किंवा जाड रबरी मॅट टाका. मेन स्टँड नाही तर मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्या, पुढच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. स्टँड घ्यायचा नसेल तर अधूनमधून गाडी थोडी पुढेमागे सरकवा. म्हणजे रविवारी खाली जायला कारणही राहील आणि बाबांचा शब्दही मोडणार नाही.

दोन कागदी गोष्टी. बंद काळातही विम्याचं मर्यादित संरक्षण चालू राहतं, पण गाडी बंदिस्त जागेत हवी, तुमचं तळघर त्यात बसतं. आणि सक्तीच्या तपासणीची मुदत थंडीतच संपत असेल तर घाबरू नका, हंगामाच्या पहिल्या महिन्यात करून घ्यायची असते. उरलेल्या पेट्रोलचा कॅन मात्र तळघरात अजिबात ठेवू नका.

नेकारकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना ओटावाकरांचं पाण्याचं गणित फोनवर वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरोबर आहे, पण बॅटरी विसरू नकोस.”

शनिवारी जवळच्या वर्कशॉपमध्ये कूलंट तपासून घेतलं. मेकॅनिकने थेंबभर कूलंट दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्राच्या काचेवर ठेवला, उजेडाकडे धरून मलाही बघू दिलं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा उणे १२ वर. मधे कुणीतरी नुसतं पाणी भरलेलं दिसतंय. बदलू का? तळघरात इतका गारठा होईल असं वाटत नाही.

ओटावाकर

बदलाच. दार उताराच्या तोंडाशी आहे म्हणताय, तिथे एखादी रात्र किती गार जाईल याचा भरवसा नाही. आणि पाणी गोठताना फुगतं, त्यात रेडिएटर नाहीतर इंजिन ब्लॉक फुटला तर कूलंटच्या किमतीचा विचारच नको. इथिलिन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घेतलं की साधारण उणे ३७ पर्यंत संरक्षण मिळतं. जास्त कडक करायला नुसतं ग्लायकॉल भरू नका, ते उलट लवकर गोठतं. तयार मिश्रण घेतलंत तर त्यात पाणी घालायचं नाही. नवं कूलंट सगळीकडे नीट मिसळेल इतकी गाडी चालवायला हवी, म्हणून कूलंटही शेवटच्या फेरीच्या आधीच बदला.

वर्धा_रोड

मधेच विचारतो, माफ करा. आई-बाबा चार महिने बहिणीकडे अमेरिकेला चाललेत. नागपुरात अॅक्टिव्हा बंद राहणार. पंपावर आता ई२०च मिळतं. हेच सगळं करायचं का?

कोथरूड_गॅरेज

@वर्धा_रोड, गोठण्याचा प्रश्न नाही, तेव्हा कूलंट-बिलंट विसरा, अॅक्टिव्हाला ते नसतंच. बॅटरीची काळी वायर काढून ठेवा, टायरमध्ये हवा भरा, मेन स्टँडवर लावा. बीएस-६ आधीची कार्बोरेटरवाली असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका, ई२० असेल तर नक्कीच. मागे कुणी विश्वासाचं असेल तर त्याला किल्ली द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा चांगली लांब चक्कर मारायला सांगा. तुमच्याकडे ते चालतं, आणि तसं जमलं तर वायरही काढायला नको.

मंजिरी_म्युन्शेन

@नेकारकाठी, एक राहिलं. तळघरात उंदीर असतील तर सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या वाटेत फडकं कोंबा, पण त्याला लाल फीत बांधून ती बाहेर लोंबती ठेवा. एप्रिलमध्ये फडकं आधी काढायचं. मग हवा आणि ब्रेक तपासायचे, बॅटरी लावायची. क्लचच्या प्लेटी चिकटलेल्या असू शकतात, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी क्लच दाबून, गिअर टाकून गाडी पुढेमागे ढकलून बघा.

नेकारकाठी

लिहून घेतलं. मॅट आणि चार्जर मागवलाय, कूलंट गुरुवारी बदलून मिळेल. पॅडॉक स्टँड कोणता घ्यावा ते श्टुटगार्टकडच्या कुणी सांगितलं तर बरं होईल, ड्यूकच्या स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या भागाला) बसणारा हवा.