विषय : घटस्फोटाच्या वकिलांची पहिली भेट

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.
मी कॅलिफोर्नियात एच-४ व्हिसावर, म्हणजे पतीच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, राहते. येत्या गुरुवारी वकीलबाईंची तासाभराची पहिली भेट ठरली आहे. आमचे लग्न पुण्यात झाले. सोबत काय न्यावे, हे कोणी सांगितल्यास आभारी राहीन.
(नाव कार्यकारिणीकडे आहे.)

उत्तर :

ताई, नमस्कार.
चार वर्षांपूर्वी अशाच भेटीत मी चाळीस मिनिटे सासरची हकिगत सांगत बसले, आणि वकिलांनी "तुम्ही वेगळे नेमके कधी झालात?" असे विचारले तेव्हा मला तारीख सांगता आली नाही. इथे ती तारीख फार मोलाची आहे, कारण लग्नापासून त्या दिवसापर्यंतची कमाई सामान्यतः दोघांची धरतात आणि पुढची ज्याची त्याची. म्हणून आज रात्रीच एका कागदावर लग्न, अमेरिकेत येणे, मुलांचे जन्म, घरखरेदी आणि संसार मोडल्याचे स्पष्ट बोललात तो दिवस, एवढ्याच तारखा लिहा. चूक कोणाची, हे १९७० पासून इथे सिद्ध करावे लागत नाही. मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र ते सर्वांत आधी सांगा.

करविवरणे, पगाराच्या पावत्या, ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत) आणि गृहकर्जाचे कागद तर न्याच, पण आपल्या बायका भारतातले विसरतात. आईने लग्नात घातलेल्या पाटल्या सासूबाईंच्या नावच्या लॉकरमध्ये असतील, तर लग्नाच्या अल्बममधला हातांचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. मी तोच दाखवला होता. भेट किंवा वारसा म्हणून मिळालेली वस्तू तुमची स्वतंत्र मिळकत ठरते.

दोन प्रश्न अवश्य विचारा. घटस्फोट पक्का झाल्यावर एच-४चा आधार संपतो, तेव्हा पुढे काय. पतीला घटस्फोटाच्या अर्जाचे कागद पोचल्यापासून निदान सहा महिने निकाल पक्का होत नाही, त्या काळात व्हिसाच्या वकिलांनाही भेटा. दुसरा, इथला निकाल भारतात चालेल का. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये परदेशी निकालांना कडक अटी घातल्या आहेत, आणि दोघांनी मिळून संमती देणे व एकट्याने अर्ज करणे यांत तिथे मोठा फरक पडतो.

मैत्रिणीला सोबत न्या, पण ती बाहेरच बसू दे. तिसरी व्यक्ती खोलीत असली तर बोलण्याची गोपनीयता धोक्यात येऊ शकते. ईमेलचा पासवर्डही आजच बदला, आणि यापुढचे मंडळाच्या या ईमेल यादीवर न लिहिता मला वेगळे पत्र पाठवा, कारण इथे दोन्ही घरचे लोक वाचतात.

आपली,
एक जुनी सभासद