फ्लोरिडातले हे झाड म्हणजे आपले सुरूच का?

प्रश्न : दिवेआगरची माहेरवाशीण

नमस्कार. मी चार वर्षांपासून मायामीजवळ राहते. इथल्या किनाऱ्यालगत मला हुबेहूब सुरूसारखी झाडे आढळली. वाऱ्याचा तोच घोंगावणारा आवाज, खाली तपकिरी काड्यांचा तोच जाड थर आणि अनवाणी पायांना टोचणारी तीच खरखरीत बोंडे. अंगणात एखादे रोप लावावे म्हणून शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तर हे 'ऑस्ट्रेलियन पाइन' असून ते लावण्यास कायद्याने बंदी आहे, असे कळले. ज्याची रोपे आमच्या गावी वनखातेच लावत आले, त्याच्यावर इथे बंदी का, आणि मुळात हे तेच झाड आहे का?

उत्तर : खडशेरणी

हे पाइन नव्हे. 'सुरू' हे नावसुद्धा फारसीतल्या 'सर्व' या निराळ्याच झाडावरून आपण याला बहाल केले आहे. फ्लोरिडात या कुळातल्या तीन जाती आहेत आणि तिन्हींवर बंदी आहे. ओळखण्यासाठी एक ताजी हिरवी काडी घेऊन सांध्यावर अलगद ओढा. ती सुटते आणि सांध्याभोवती बारीक दात्यांचे कडे दिसते. ते दातेच याची खरी पाने. आपण ज्यांना पाने समजतो त्या काड्या म्हणजे डहाळ्या. दाते सहा ते आठ असतील तर ते कोकणातलेच सुरू समजावे. बारा किंवा अधिक असतील तर ती दुसरी जात, जी मुळांतून फुटवे काढून पसरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावली, वारा अडवणे आणि बागेची शोभा यांसाठी ते तिथे आणले गेले. मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीव हवेतला नत्र मिळवून देत असल्याने त्याला नुसती वाळूही पुरते, आणि बोंडांतले पंखधारी बी वारा दूरवर नेतो. एकदा काड्यांचा थर साचला की खाली दुसरे काही फारसे रुजत नाही. शिवाय दाट, उथळ मुळांमुळे समुद्री कासवांना आणि तिथल्या मगरींना अंड्यांसाठी वाळू उकरणे अवघड जाते. याच उथळ मुळांमुळे मायामीजवळच्या 'की बिस्केन' नावाच्या बेटाच्या टोकावरील उद्यानात, जिथे या झाडांचे जवळजवळ रानच माजले होते, २४ ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात बहुतेक सारी झाडे आडवी झाली आणि पुढे त्या जागी मुद्दाम स्थानिक झाडे लावण्यात आली.

उत्तर : अलिबागचा वाडीवाला

वरील माहिती मान्य आहे, पण तिथला निकष इथे जसाच्या तसा लावू नये. कारवारच्या किनाऱ्यावर १८६० च्या दशकात सुरूची लागवड झाली ती सरपणासाठी, आणि आमच्याकडची बनेही रांगेत लावलेली आहेत. त्यांच्याखाली आपोआप उगवलेले रोप मला क्वचितच दिसले. वाळू आणि खारा वारा वाडीत शिरू नये म्हणून आम्हाला ते हवेच असते. मात्र ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्यामागची रांग मुळांसकट उलथली, तेव्हा उथळ मुळांचा अनुभव आम्हीही घेतला. नव्या लागवडीत पुढची, वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची पट्टी मोकळी सोडून मागे उंडी आणि भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचे झाड) लावावी, असे माझे मत आहे. कासवे वर येतात तिथे तर सुरू अगदी भरतीरेषेपर्यंत नेऊच नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. काल पाच काड्या भिंगाखाली मोजल्या. चारांवर सात दाते होते, एकीवर आठ. झाडाच्या बुंध्याभोवती फुटवेही नव्हते, तेव्हा ते आपलेच सुरू दिसते. अंगणात आता इथले स्थानिक सी-ग्रेप लावते आहे. त्याची पाने गोल आणि ताटलीएवढी असतात, त्यामुळे सुरूचा आवाज काही त्यातून येणार नाही.