बाळाला नवीन आतडं बसवायची घाई करावी का?

मिरजकर_बाबा: मुलगा ७ महिन्यांचा. जन्मानंतर ११व्या दिवशी हिरव्या उलट्या सुरू झाल्या, आतड्याला पीळ पडला होता. काळं पडलेलं काढावं लागलं, लहान आतडं २८ सेंमी उरलं. तेव्हापासून टीपीएनवर आहे, म्हणजे पोषण थेट शिरेतून देतात. त्याचा मामा म्हणतो, "माझं आतडं घ्या, पण पोराला सोडवा." आम्ही वेळ घालवतोय का?

सई_के: बाळाला कावीळ आहे का? आधी ते सांगा.

ओवीची_आई: दादा, ओवीचं २२ सेंमी उरलं होतं, आता ती ६ वर्षांची आहे. रात्री टीपीएन, दिवसा शाळा. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप शाबूत आहे का, मोठं आतडं किती उरलंय, हे आधी विचारा. नुसत्या सेंटिमीटरवर काही ठरत नाही. तान्ह्या बाळाचं आतडं वाढतं, हळूहळू जास्त शोषायला लागतं. त्याला काही वर्षंही लागतात. डॉक्टर हो म्हणत असतील तर तोंडाने थेंबभर का होईना, दूध चालू ठेवा.

प्रत्यारोपणाचा विचार होतो तो टीपीएनमुळे लिव्हर बिघडत गेलं, लाईन (टीपीएनची शिरेतली नळी) घालायला शिरा उरल्या नाहीत किंवा रक्तात वारंवार जंतू गेले तर. आतड्यात प्रतिकारपेशी खच्चून भरलेल्या, म्हणून शरीर ते लवकर नाकारतं. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर, सुरुवातीला सारखी दुर्बीण आणि बायोप्सी. जिवंत दात्याचं आतडं बसवतात, पण क्वचित. मामांना माझा नमस्कार सांगा. प्रत्यारोपण करणाऱ्या टीमला मात्र आत्ताच एकदा दाखवून ठेवा, लिव्हर गेल्यावर धावपळ नको.

आणि लाईन जिवापाड जपा. एका रुग्णालयात ओवीच्या लाईनमधूनच रोज रक्त काढायचे. तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून १०४ ताप, लाईन काढावी लागली, ती शीर कायमची बंद झाली. त्याचा राग अजून जात नाही. आता घरी मीच जोडते. हात धुवायचे, टोक स्पिरिटच्या कापसाने १५ सेकंद घासायचं, वाळू द्यायचं. मी मोठ्याने आकडे म्हणते, ओवीही माझ्याबरोबर म्हणते. १००.४ च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना. मग मध्यरात्र का असेना.

मिरजकर_बाबा: ताई, डिस्चार्ज कार्ड काढलं. "आयसी व्हॉल्व्ह शाबूत" असं लिहिलंय! सईताई, डोळे थोडे पिवळे वाटतात.

ओवीची_आई: झडप आहे, फार बरं झालं! उद्याच डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) करा आणि लिपिड, म्हणजे शिरेतून देतात ते तेल, कुठलं चालू आहे ते बाटलीवर वाचा. ओवीचं सोयाबीनचं बदलून माशाच्या तेलाचं दिलं, तेव्हा तिची कावीळ उतरली. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. आकडा आला की इथे टाका, मी बघते.