मदत हवी आहे: बाबांच्या महाधमनीचा फुगा आणि माझं बॉयलरचं गणित

मंडळी, इथे कोणी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन किंवा बायोमेकॅनिक्सवाले (शरीरातले ताण-दाब अभ्यासणारे) असतील तर जरा सांगा. बाबा ७२ वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी. पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनीला (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगा निघाला, मग सीटी केला: ४.४ सेंमी. एरवी तिथे रुंदी २ सेंमीच्या आसपास असते. डॉक्टर म्हणाले, ५.५ सेंमी होईपर्यंत ऑपरेशन न करता थांबू, सहा महिन्यांनी परत बघू.

मी प्रेशर व्हेसलची, म्हणजे बॉयलरसारख्या दाबाच्या टाक्यांची डिझाइन करतो, त्यामुळे गप्प बसवेना. भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. बीपी १४० आणि भिंत दीड मिलिमीटर धरली तर ताण साधारण ०.२७ मेगापास्कल. पण पोलादाची ताकद सगळीकडे सारखी, इथे तसं नाही. वाचलं त्यावरून भिंतीला लवचीक ठेवणारं प्रथिन, इलास्टिन, झिजतं आणि मोठेपणी ते जवळजवळ नव्याने बनतच नाही, स्नायूपेशी मरतात, मग सगळा भार कोलॅजन या ताठर प्रथिनावर. म्हणजे भिंत ताठर होते आणि तरीही कमजोर? जुनं रबर कडक होऊन तडकतं तसं?

खरा अडलोय तो पुढे. सीटीत फुग्याच्या आत रक्ताच्या गुठळीचा जाड थर आहे. एक मत असं की ती गादीसारखा ताण झेलते. दुसरं, तिच्यामागच्या भिंतीला ऑक्सिजन कमी पोचतो आणि ती आणखी खंगते. बाबांच्या बाबतीत काय धरायचं? आणि व्यासापलीकडे डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

बिडी सुटली, असं ते म्हणतात. खिशात काडेपेटी मात्र रोज सापडते.