कॅमेरे बसले, पण मुलाने सांगायचे कोणाला?

डोंबिवलीतील पालक (मूळ मांडणी)

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतील दोन मुलींवर अत्याचार झाला आणि 20 ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी तेथील रेल्वेस्थानकात दिवसभर गाड्या अडवून धरल्या. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. खासगी शाळांनी महिनाभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, नाहीतर अनुदान रोखले जाईल किंवा मान्यता जाईल, असे त्यात होते. तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांचाही त्यात समावेश होता. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती तर मार्च 2022 च्या शासन निर्णयानेच प्रत्येक शाळेत असायला हवी होती.

माझे म्हणणे असे, की या आदेशातले जे विकत आणता येते तेवढे शाळांनी आणले आणि जे रुजवावे लागते ते तसेच राहिले. माझ्या मुलीच्या शाळेत आता प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आहे. पालकसभेत मी समितीचे सदस्य कोण आहेत असे विचारले, तेव्हा नावांचा फलक मुख्याध्यापकांच्या दालनात लावलेला असल्याचे समजले. त्या दालनात मुले शिक्षा होण्याच्या भीतीनेच पाऊल टाकतात. तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशेजारी, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर आणि नेमकी कॅमेऱ्यासमोर आहे. बालवाडीतल्या मुलाला लिहिता येत नाही, आणि ज्याला येते त्याने सगळ्यांच्या देखत चिठ्ठी टाकावी अशी आपली अपेक्षा आहे. बदलापूरचा गुन्हा स्वच्छतागृहात घडला, जिथे कॅमेरा बसवताच येत नाही आणि बसवूही नये. तो उघडकीस आला तो मुलींनी घरच्यांना सांगितले म्हणून. शाळेतही मुलाला असे सांगता येईल असे माणूस आहे का, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधी विचारायला हवा होता.

मुख्याध्यापक, खासगी अनुदानित माध्यमिक शाळा

ताई, आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण कॅमेऱ्यांना आपण फार हलके लेखले आहे. आमच्याकडे पाण्याच्या टाकीमागे आठवीतील दोन मुले पाचवीच्या एका मुलाला कित्येक दिवस मारत होती. त्याला वर्गशिक्षकांनी विचारले, मी विचारले, त्याच्या आईने विचारले. प्रत्येक वेळी तो पडलो एवढेच म्हणाला. चित्रण पाहिल्यावर सगळे कळले. आपण ज्या विश्वासू माणसाबद्दल लिहिता ते त्या मुलाजवळ होते, तरीही तो बोलला नाही. भ्यालेले मूल बोलतेच असे नाही, म्हणून त्याच्या बोलण्यावर सगळी भिस्त ठेवणारी व्यवस्था मला धोक्याची वाटते.

स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा नसतो हे खरे आहे. मात्र बाहेरच्या मार्गिकेतला कॅमेरा आत कोण गेले, कोणाबरोबर गेले आणि किती वेळ होते हे दाखवतो. बदलापूर प्रकरणात आधीच्या पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते. ते असते तर तपासाला आधार मिळाला असता. दोष यंत्राचा नव्हता, ते न राखणाऱ्यांचा होता. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, हे आदेशात आहे ते याच कारणाने, आणि मी ते करतो. शिवाय, शिक्षकावर खोटा आरोप झाला तर त्याच्याही बाजूने बोलणारे तेवढेच एक साधन असते. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 22 मध्ये आकसाने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, पण ती शाबीत होईपर्यंत माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही.

जिल्हा परिषद शिक्षक, पालघर जिल्हा

दोन्ही पत्रे वाचली आणि दोन्ही शहरातून लिहिलेली आहेत हे जाणवले. माझी शाळा द्विशिक्षकी आहे, पट अठ्ठावीस. समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान 10,000 रुपये मिळते. त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतागृहाची डागडुजी भागवायची. कॅमेरा बसवला तरी पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते. सहावीपर्यंतच्या मुलांसाठी महिला कर्मचाऱ्यांना प्राधान्य द्यावे, हे मला मनापासून पटते, पण आम्ही दोघेही शिक्षक पुरुष आहोत आणि नेमणूक आमच्या हातात नाही. शाळा व्यवस्थापन समिती, माता-पालक संघ, सखी सावित्री समिती, तक्रार निवारण, पोषण आहार, या सगळ्यांच्या इतिवृत्तांवर त्याच सात-आठ जणांच्या सह्या आणि अंगठे असतात.

तरीही पालक ताईंचा मूळ मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो मी पाहिला आहे. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आहेत. मुली पाणी भरण्याच्या निमित्ताने त्यांच्या चुलीजवळ बसतात. दुसरीतली एक मुलगी घरी राहणाऱ्या नातेवाइकाला घाबरते, हे मला परिपाठातल्या 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' या तासातून कळले नाही. मावशींनी सांगितले तेव्हा कळले. आम्ही 1098 या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन केला आणि पुढचे सोपस्कार झाले. समितीत अंगणवाडी सेविका आहेत, पोलीस पाटील आहेत, विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मात्र त्यात जागा नाही आणि मुलाने काही सांगितले तर पुढे काय करायचे, याचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेले नाही. आमच्यासाठीची प्रशिक्षणेसुद्धा बहुतेक ऑनलाइन असतात, आणि ती पाहायला मी टेकडीवर जातो.

शालेय समुपदेशक, पुणे

मुलाला विश्वासाच्या माणसाजवळ सांगता आले पाहिजे, यावर इथे बहुतेकांचे एकमत दिसते. पण सांगितल्यावर काय होते याकडे कोणी पाहिलेले नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. न दिल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्यात अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण बालक आहे, त्यामुळे त्या वयातली संमती धरली जात नाही. सतरा वर्षांची मुलगी तिच्याच वयाच्या मित्राबद्दल माझ्याजवळ मन मोकळे करते, तेव्हा मला तिला मध्येच थांबवून बजावावे लागते की, पुढे बोललीस तर मला पोलिसांना कळवावे लागेल. त्या दिवसानंतर ती येत नाही. तिच्या मैत्रिणीही येत नाहीत आणि त्यांच्यातल्या एखादीवर खरोखर जबरदस्ती होत असेल तर तीही येत नाही. सोळा ते अठरा या वयासाठी प्रशिक्षित समुपदेशकाला तारतम्य वापरण्याची मुभा कायद्याने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सक्तीने माणसे कानावर हात ठेवायला शिकतात.

डोंबिवलीतील पालक (प्रतिसाद)

सर, पाचवीतल्या त्या मुलाचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे आणि मार्गिकेतल्या कॅमेऱ्याबाबतचे आपले म्हणणे मी मान्य करते. मात्र आपण चित्रण स्वतः तपासता म्हणून ते कामाला आले. पोक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कायम वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हायला हवी. बदलापूरचा आरोपी 1 ऑगस्टला कंत्राटी सफाई कामगार म्हणून रुजू झाला आणि दोन आठवड्यांच्या आत हा प्रकार घडला. ज्याच्यावर आधी गुन्हा नाही अशा माणसाची पडताळणी कोरीच येते, हेही मला कळते. म्हणूनच नव्या पुरुष कर्मचाऱ्याबरोबर लहान मुलींना एकटे पाठवू नये, हा कसलाही खर्च नसलेला नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो मोडला गेला तर पहिला जाब संस्थेला विचारला पाहिजे.

समुपदेशक ताईंशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. तारतम्याची मुभा दिली तर ती आपल्यासारख्यांच्या आधी व्यवस्थापनाच्या हाती लागेल. राजुरा, जि. चंद्रपूर येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात एका डॉक्टरांवर माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असून तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न ठरतो, असे म्हटले. शाळेची अब्रू, मुलीचे लग्न, 'आपसात मिटवू', या शब्दांना आपल्याकडे फार बळ आहे. ते बळ मोडायला सक्तीच लागते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कलम 19 मध्ये संरक्षणही आहे.

शालेय समुपदेशक, पुणे

संस्थेतला प्रौढ आणि विद्यार्थी, शिक्षक आणि मुलगी, वसतिगृहाचा अधीक्षक आणि तिथली मुले, अशा ठिकाणी मीही तसूभर सवलत मागत नाही. माझी मागणी फक्त जवळपास एकाच वयाच्या दोघांपुरती आहे. आपण दिलेले उदाहरण त्यात बसत नाही, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे माझ्या खोलीचे दार बंद होते, हे मी रोज पाहते. यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते.

जिल्हा परिषद शिक्षक, पालघर जिल्हा

पोक्सोच्या कलम 24 बद्दल एक गोष्ट नोंदवतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, असे त्यात आहे. आमच्या दुसरीतल्या मुलीच्या वेळी आलेल्या बाई साध्या साडीत होत्या आणि मावशींच्या चुलीजवळ बसूनच त्यांनी तिच्याशी बोलणे केले. पुढच्या बैठकीत मावशींना समितीवर निमंत्रित म्हणून घ्यावे असा ठराव मी मांडणार आहे. त्यांचे नाव नमुन्यातल्या कोणत्या रकान्यात लिहायचे, ते केंद्रप्रमुखांना विचारले आहे.

मुख्याध्यापक, खासगी अनुदानित माध्यमिक शाळा

गुरुजी, उत्तर आले की इथे जरूर कळवा. आमच्या शाळेची पेटीही कॅमेऱ्यासमोरच आहे, हे ताईंचे पत्र वाचून उठलो आणि पाहून आलो. ती मुलींच्या विश्रांतीखोलीत, त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर हलवायला आजच सांगितले आहे. मुलांसाठी तशी आडोशाची जागा अजून सापडलेली नाही.