बंदोबस्त असताना बीचवर जावं का?
"जिथे रस्त्यावर बंदुकवाले उभे तिथे सुट्टीला जायचंच कशाला" असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेला गेलो होतो, म्हणजे २१ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि कोलंबोतल्या मोठ्या हॉटेलांत स्फोट झाले त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी. आईने तर बोलणंच टाकलं होतं. पण त्याच ऑगस्टपासून श्रीलंकेने भारतीयांना व्हिसा फी माफ केलेली आणि हॉटेलं निम्म्या भावात, मग काय. कोलंबोत हॉटेलच्या गेटवर गाडीखाली आरसा घालून बघायचे, बॅगा स्कॅन, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीच्या वाटेवर दोनदा थांबवून पासपोर्ट पाहिले, बास. लेकाला तर तीच मजा वाटली.

आता जे इथे कोणीच बोललं नाहीये ते, आम्ही आधी नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं बेंटोटा बुक करणार होतो, स्वस्त म्हणून. पण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सूनमुळे त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, आपल्या कोकणासारखाच, तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमालीजवळचं निलावेली नाहीतर अरुगम बे गाठायचं. निलावेलीला पाणी अगदी तळ्यासारखं, पिजन आयलंडला बोटीने जाऊन मासे बघितले. आणि हो, इन्शुरन्स घेताना दहशतवादी हल्ला कव्हर आहे का ते आधी वाचा, आमच्या पॉलिसीत तो चक्क वगळलेला होता आणि हे मला परत आल्यावर कळलं 😅